टायरमध्ये सीलंट आधीच भरून ठेवावं का?

रानवाट

नमस्कार मंडळी. माझं रोजचं जाणं-येणं सायकलवर, एका बाजूने सात किलोमीटर. त्यातले शेवटचे दोन किलोमीटर बांधालगतच्या कच्च्या वाटेने. गवत वाळलं की त्या वाटेवर सराटे पसरतात. गेल्या आठवड्यात सकाळी बघते तर दोन्ही चाकं बसलेली. टायर उतरवून आतून बोट फिरवत काटे शोधले. मागच्यात सात निघाले, पुढच्यात चार. मागची ट्यूब ठिगळांनीच भरून गेली होती म्हणून नवी घातली, तर तिसऱ्याच दिवशी तीही बसली, कारण टायरमध्ये एक काटा राहिला होता. टोक इतकं बारीक की बोटाला लागतच नव्हतं. शेवटी कापसाचा बोळा आतून फिरवला, त्याचा एक तंतू अडकला, तेव्हा काटा सापडला.

आता जो तो सांगतोय, सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) भरून टाक, सुटशील. पण सांगणारे बहुतेक ट्यूबलेसवाले आहेत आणि माझ्या सायकलला साधी ट्यूब आहे. घरच्या स्कूटरला मात्र ट्यूबलेस टायर आहेत. म्हणून विचारते : ट्यूबमध्ये सीलंट खरंच काम करतं का? आधीच भरून ठेवायचं की बाटली जवळ बाळगायची? आणि एकदा भरलं की पुढे रीतसर पंक्चर काढता येतं का? स्वतः वापरलं असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सकाळची_फेरी

सराट्यांवर सीलंटसारखा उपाय नाही. सराट्याचं भोक बारीक असतं, सरळ असतं आणि ट्रेडमध्ये, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात असतं. सीलंटला नेमकं असंच भोक हवं असतं.

आत काय घडतं ते सांगतो, ते कळलं की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. सीलंट म्हणजे पातळ द्रव, त्यात बारीक तंतू आणि कण मिसळलेले. चाक फिरलं की तो बाहेरच्या अंगाला फेकला जातो आणि ट्रेडच्या आतल्या बाजूला त्याचा थर पसरतो. भोक पडलं की हवा तिथून बाहेर धावते आणि जाता जाता द्रव ओढून नेते. पाटाच्या मोरीत काटक्या आडव्या अडकल्या की त्यांच्यामागे पालापाचोळा साठून पाणी तुंबतं. तसे तंतू भोकात आडवे बसतात, त्यांच्यामागे कण साठतात, हवा अडते. लॅटेक्सचं सीलंट असेल तर ते भोकात साकळतंसुद्धा आणि तिथे रबराची छोटीशी खुंटी तयार होते.

म्हणून भोक पडल्यावर नुसतं थांबून बघत राहण्यात अर्थ नाही. द्रव तळाशी, भोक वरती, दोघांची गाठ पडणार कशी? काटा उपटा, चाक गरागरा फिरवा आणि मग भोक खाली येईल असं चाक धरून मिनिटभर थांबा. आधी जोरात फसफस, मग बुडबुडे, मग नुसता ओला ठिपका राहतो. गेलेली हवा पंपाने भरा आणि निघा.

माझी सायकल ट्यूबलेस आहे. मागचं टायर झिजलं म्हणून उतरवलं तेव्हा आतून चौदा ठिकाणी सीलंटच्या वाळलेल्या गाठी दिसल्या. त्यातली दोनच पंक्चर मला कळली होती. ट्यूबचा अनुभव मला नाही, तो कुणीतरी सांगावा.

काटेकोर

फेरीदादांनी छान समजावलं आहे. एक भर घालतो. सीलंट हा एकच पदार्थ समजून आपण बोलतो आणि तिथेच गोंधळ होतो. ढोबळमानाने दोन जाती आहेत.

पहिली लॅटेक्सची. रबराचा चीक, पाणी, थोडं गोठणरोधक आणि चीक बाटलीतच साकळू नये म्हणून बऱ्याचदा अमोनिया. भोक पटकन आणि पक्कं बुजतं. पण यातलं पाणी हळूहळू उडून जातं आणि दोन ते सहा महिन्यांत टायरमध्ये नुसता रबराचा पापुद्रा किंवा गोळा उरतो. उन्हाळ्यात तर आणखी लवकर. ही जात मुख्यतः ट्यूबलेस सायकलींसाठी.

दुसरी ग्लायकॉलची, म्हणजे सहज न वाळणाऱ्या दाटसर द्रवाची. हिच्यात तंतू आणि कण भरपूर असतात, पण हे मिश्रण सहसा साकळत नाही. भोक बुजतं ते फक्त बोळा बसल्यामुळे. ही ट्यूबमध्येही चालते आणि दोन वर्षांपर्यंत ओली राहते असं काही बाटल्यांवर लिहिलेलं असतं. रानवाटताई, तुमच्या ट्यूबसाठी ही.

ट्यूबमध्ये मर्यादा मात्र जास्त. ट्यूब ताणलेली असते, त्यामुळे भोक मोठं व्हायला बघतं. ट्यूबसाठी साधारण ३ मिमीपर्यंतच्या आणि ट्यूबलेससाठी साधारण ६ मिमीपर्यंतच्या भोकाची हमी बाटल्यांवर दिसते, फरक लक्षात घ्या. हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं आणि रिमने ट्यूब चिमटली, तर सापाच्या दंशासारखी दोन चिरटी भोकं पडतात, ती बुजत नाहीत. व्हॉल्व्हच्या मुळाशी ट्यूब फाटली तर तिथेही इलाज नाही. सराट्याला मात्र चालेल, शंभर टक्के चालेल.

पॅचवाला

मी हे काम रोज करतो, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

माझ्याकडे सीलंट भरलेली चाकं येतात तेव्हा दहातले नऊ गिऱ्हाईक आधी सांगत नाहीत. मी व्हॉल्व्हची पिन काढतो आणि हिरवा चिकट फवारा थेट तोंडावर येतो. एकदा डोळ्यात गेलं होतं, दिवसभर चुरचुरत होतं. म्हणून पहिली विनंती : चाक समोर ठेवतानाच सांगा, आत सीलंट आहे. एवढं सांगितलं की मी व्हॉल्व्ह वरच्या अंगाला घेतो, हवा सावकाश सोडतो आणि खाली फडकं धरतो.

आता रीतसर पंक्चर काढता येतं का? येतं, पण कष्ट दुप्पट. भोक बुजलेलं असतं, त्यामुळे पाण्यात ट्यूब बुडवली तरी बुडबुडा येत नाही. हवा जास्त भरून, ट्यूब हाताने ताणून एकेक वीत तपासावी लागते. भोक सापडलं की ट्यूब पाण्याने धुवायची, पुसायची, पूर्ण वाळू द्यायची. ग्लायकॉलचा ओशटपणा राहिला की पॅच धरत नाही, चार दिवसांत कडेने सुटतो. म्हणून पॉलिश पेपरने नेहमीपेक्षा जास्त घासतो, पॅचपेक्षा बोटभर मोठी जागा. मग सोल्यूशन पातळ लावायचं आणि थांबायचं. इथेच लोक घाई करतात. सोल्यूशनची चमक गेली, बोटाच्या मागच्या बाजूला ते ओलं लागेनासं झालं, की मगच पॅच ठेवायचा आणि मधून कडेकडे दाबत जायचं.

ट्यूबलेसचं माझं मत ठाम आहे. खिळा लागला आणि सीलंटने हवा धरली, छान झालं, तुम्ही घरी पोचलात. पण ते टायर उतरवून आतून बघितलंच पाहिजे. माणूस हवा नसताना दोन-तीन किलोमीटर चालवत आला असेल तर साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, आतून रगडून निघालेली असते. टायर उतरवलं की आत काळा रबराचा भुसा हाताला लागतो. तो भुसा दिसला की मी टायर परत चढवत नाही, गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी. बाहेरून ते टायर नव्यासारखं दिसतं, आणि वेगात असताना तीच बाजू फाटते.

सीलंटने भोक बुजतं हे मी रोज बघतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भोकाबरोबर ते खिळाही लपवतं आणि आतली इजाही लपवतं... माझं म्हणणं एवढंच की हवा टिकली म्हणून टायर बरं झालं असं धरू नका.

सकाळची_फेरी

पॅचवाले दादा, मनापासून धन्यवाद. काळ्या भुशाचं मला खरंच माहीत नव्हतं. आता प्रत्येक टायर बदलताना बघणार.

मोकळी_हवा

मी वेगळ्या चाकांबद्दल लिहिते. मी चाकखुर्ची वापरते, हाताने ढकलायची. मागची दोन मोठी चाकं २४ इंची, आत ट्यूब.

तुम्ही पंक्चर झालं की उतरून सायकल हातात धरून चालत जाता. मला उतरता येत नाही. चाक बसलं की खुर्ची एका बाजूला कलते, ढकलायला तिप्पट जोर लागतो आणि ती सतत त्याच बाजूला ओढत राहते. आणखी एक गोष्ट न वापरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. माझ्या खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारी एक दांडी. टायरमधली हवा कमी झाली की दांडी टायरला नीट भिडत नाही आणि ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. पलंगावरून खुर्चीत येताना ती अर्धा फूट मागे गेली आणि मी जमिनीवर बसले, तेव्हा मला हे कळलं. पंक्चर मोठं नव्हतं, रात्रभरात हळूहळू हवा गेलेली होती.

त्या दिवसापासून दोन्ही चाकांत ग्लायकॉलचं सीलंट आहे. लॅटेक्सचं मुद्दाम घेतलं नाही. मला स्पायना बिफिडा (पाठीच्या कण्याचा जन्मजात दोष) आहे आणि आमच्यात लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीचं प्रमाण बरंच असतं. मलाही ती आहे. कुणासाठी सीलंट आणत असाल तर आधी हे विचारा, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हवा भरलेल्या ट्यूबऐवजी भरीव रबर घालायचा पर्यायही आहे, त्याला पंक्चर होतच नाही. मी सहा महिने वापरलं. चाकं जड झाली, प्रत्येक फरशीचा सांधा पाठीत जाणवू लागला, म्हणून परत हवेवर आले.

आठवड्यातून एकदा दाब मोजते. अंगठ्याने दाबून नाही, मापकाने. सीलंट असलं तरी मोजते, कारण ब्रेक त्या हवेवर उभा आहे.

रानवाट

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ब्रेकचं कधी मनातही आलं नव्हतं. आमच्या शेजारच्या आजोबांची खुर्ची आहे, आज संध्याकाळीच त्यांच्या टायरची हवा बघून येते.

लांबचापल्ला

चारचाकीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हल्ली बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते. तिच्या जागी सीलंटची बाटली आणि एक छोटा विजेवरचा पंप. मी गाडी घेतली तेव्हा डिकीचा तळ उचलून बघितलाच नव्हता. चार वर्षांनी, रात्री, पाऊस, घरची सगळी मंडळी गाडीत, आणि मागचं टायर बसलं. बाटली काढली तर तिची मुदत वर्षभरापूर्वीच संपलेली. तरीही जोडली. नळीतून कसंबसं थोडं बाहेर आलं आणि मग घट्ट गोळ्याने नळीच तुंबली. तिथे अडीच तास उभे होतो, मुलगी मागच्या सीटवर रडून झोपली.

आज उठून डिकीतली ती बाटली बघा आणि तारीख वाचा. बहुतेक बाटल्यांना चार-पाच वर्षांची मुदत असते, गाडी जुनी होत जाते तशी तीही संपते. कुणाला आठवणही राहत नाही.

नंतर मी गाडीची पुस्तिका नीट वाचून काढली. या बाटल्या ट्रेडमधल्या ४ ते ६ मिमीपर्यंतच्या भोकासाठीच असतात. साइडवॉल चिरली असेल तर वापरायच्याच नाहीत, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्याला वाकतो आणि बोळा तिथे टिकत नाही. भरल्यावर लगेच काही किलोमीटर चालवायचं, थांबायचं, दाब परत मोजायचा. दाब पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्याच्या खाली गेला असेल तर पुढे जायचंच नाही. टिकला असेल तरी ताशी ८० किमीच्या वर जायचं नाही आणि थेट टायर दुरुस्तीला. बाटलीसोबतचं वेगमर्यादेचं स्टिकर चालकाच्या नजरेसमोर चिकटवायचं असतं, ते कचऱ्यात टाकू नका.

आणि चाकाच्या आत हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर सीलंट त्याच्या बारीक छिद्रात जाऊ शकतं. दुरुस्तीच्या वेळी सांगून साफ करून घ्या.

पायडलपुराण

खिळा दिसला तर उपटायचा की नाही? फेरीदादा म्हणतात उपटा. माझ्या गाडीच्या बाटलीवर लिहिलंय उपटू नका.

पॅचवाला

दोन्ही बरोबर, चाक कोणतं त्यावर आहे.

सायकलची ट्यूब असेल तर काढा. काटा राहिला तर चाक फिरताना तो हलत राहतो आणि ट्यूबला पुन्हा पुन्हा टोचतो, एकाची चार भोकं होतात. ट्यूबलेस कारमध्ये मात्र खिळा स्वतःच बुचाचं काम करत असतो. कित्येकदा गिऱ्हाईक महिनाभर खिळा घेऊन फिरत असतं आणि आठवड्याला थोडी हवा भरत असतं. रस्त्यात तो उपटलात तर धडाक्याने हवा जाईल, भोक किती मोठं आहे तेही माहीत नाही आणि बाटली पुरेल की नाही तेही माहीत नाही. म्हणून राहू द्या, पकडीने तोच उपटेल ज्याच्याकडे पुढचं सामान आहे.

स्कूटरच्या ट्यूबलेसला सीलंट आधीपासून भरलेलं असेल आणि खिळा बारीक असेल तर उपटून लगेच चाक फिरवा, बहुतेक वेळा धरतं. धरलं नाही तर बाहेरून रबरी स्ट्रिप खुपसता येते. पण मी स्ट्रिपलाही तात्पुरतं मानतो. पक्कं काम म्हणजे टायर उतरवायचं, भोकात बुचाचा दांडा आणि आतून पॅच असा छत्रीसारखा तुकडा बसवायचा. तोही फक्त ट्रेडमध्ये. खांद्यावर किंवा साइडवॉलला मी तो बसवत नाही.

काटेकोर

पॅचवाले दादांनी टायर उतरवून बघण्यावर भर दिला, त्यावरून आठवलं. डनलॉपने १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेव्हा टायर रिमला चिकटवलेलं असायचं. पंक्चर काढायचं तर आधी ते सोलून काढायचं, मग परत चिकटवून गोंद वाळेपर्यंत थांबायचं. १८९१ मध्ये मिशेलिन बंधूंनी रिमवरून उतरवता येणारं सायकलचं टायर आणलं आणि रस्त्याकडेला बसून पंक्चर काढणं शक्य झालं. टायर उघडून आत बघता येतं ही केवढी सोय आहे, आणि सीलंट भरलं की आपण नेमकं तेच करायचं सोडून देतो.

लांबचापल्ला

मोटरसायकलवाल्यांसाठी एक कळकळीची गोष्ट. पुढच्या चाकात सीलंटने बुजवलेलं भोक घेऊन वेगात जाऊ नका. मागचं चाक बसलं तर गाडी वळवळते, पण सावरायला वेळ मिळतो. पुढचं एकदम बसलं तर हँडल हातात राहत नाही. तारांच्या चाकात बहुतेक वेळा आत ट्यूब असते, आणि ट्यूब फाटली तर हवा क्षणात जाते. शिवाय उभ्या गाडीत सीलंट तळाशी जमतं, त्यामुळे सुरुवातीचं काही अंतर चाक थरथरतं. ते पसरून थांबलं तर ठीक. थांबलं नाही तर गाडी बाजूला घ्या आणि टायर बघा.

काटेकोर

स्प्रेच्या डब्यांबद्दलही सांगायला हवं. काही डब्यांत सीलंट ढकलायला ज्वालाग्राही वायू वापरलेला असतो आणि तो टायरमध्येच राहतो. पुढे कुणी त्या चाकाजवळ ठिणगी पाडली, रिमला वेल्डिंग केलं किंवा गरम पॅच लावायला घेतला तर टायर फुटू शकतं. दुरुस्ती करणाऱ्याला न सांगता असं चाक देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. तसा डबा उन्हात तापणाऱ्या गाडीतही ठेवायचा नाही.

आणि सांडलेलं सीलंट लगेच पुसा. काहींत इथिलीन ग्लायकॉल असतं. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते त्यांना मारक आहे, मुलांनाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं सीलंट मिळत असेल तर तेच घ्या.

पॅचवाला

काटेकोर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या ओळखीतल्या एकाचा हात असाच भाजला आहे. चाक आणणाऱ्याने स्प्रेचं काहीच सांगितलं नव्हतं.

नवा_पंप

लहान प्रश्न. मी सायकलबरोबर झटपट हवा भरायला कार्बन डायऑक्साइडची नळकांडी बाळगतो. आत लॅटेक्सचं सीलंट आहे. चालेल ना?

सकाळची_फेरी

नळकांड्यातून वायू बाहेर पडताना बर्फासारखा गार होतो. त्याचा झोत थेट द्रवावर पडला तर काही लॅटेक्स सीलंट तिथेच साकळतात. व्हॉल्व्ह वर ठेवा, काही क्षण थांबून सीलंट तळाशी जाऊ द्या, मग सोडा. घरी आलात की तो वायू काढून पंपाने साधी हवा भरा, कारण कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा कितीतरी लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक मऊ लागतं.

अरुंद, जास्त दाबाच्या टायरला सीलंट पटकन धरत नाही. भोक ताणलेलं असतं आणि आलेला बोळा बाहेर फेकला जातो. दाब बराच उतरला की मग धरतं. तेव्हा लगेच पुन्हा पूर्ण दाबाला हवा मारू नका, थोडी कमीच ठेवून घर गाठा.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. सायकलच्या ट्यूबसाठी ग्लायकॉलचं आणलं आहे. स्कूटरमध्ये आधीच भरणार नाही, ट्रेड बघायची सवय लावणार आणि बाटली डिकीत ठेवणार. भरायची कृती कुणी नीट सांगेल का? माझ्या व्हॉल्व्हची पिन निघणारी आहे, जाड व्हॉल्व्ह.

पॅचवाला

ताई, घाई न करता करा.

आधी टायर उतरवून सगळे काटे काढा, तुम्ही कापसाने काढला तसाच. काटे आत ठेवून सीलंट भरणं म्हणजे जखमेत काटा ठेवून मलम लावणं.

टायर चढवा. चाक असं फिरवा की व्हॉल्व्ह घड्याळाच्या चारच्या किंवा आठच्या जागी येईल, म्हणजे आधीचं काही असेल तर ते व्हॉल्व्हमध्ये येत नाही. आधी पिन दाबून सगळी हवा सोडा, मगच पिन उलटी फिरवून काढा. हवा असताना काढलीत तर पिन बंदुकीच्या गोळीसारखी उडते आणि सापडत नाही. काढलेली पिन वाटीत ठेवा. बाटली जोरजोरात हलवा, अगदी मिनिटभर, कारण तंतू तळाशी बसलेले असतात. न हलवता भरलंत तर वरचं नुसतं पाणीच आत जाईल आणि बुजवणारा माल बाटलीत राहील.

किती भरायचं ते बाटलीवर चाकाच्या मापाप्रमाणे दिलेलं असतं, तेवढंच. जास्त भरल्याने जास्त सुरक्षित होत नाही, चाक जड होतं. भरून झालं की व्हॉल्व्हची नळी आतून पुसा, पिन बसवा, पूर्ण हवा भरा आणि लगेच दोन-तीन किलोमीटर चालवून या. सीलंट पसरायला चाक फिरावं लागतं, अंगणात उभं ठेवून नाही पसरत. पुढेसुद्धा हवा तपासताना व्हॉल्व्ह तळाशी नको.

सकाळची_फेरी

आणि व्हॉल्व्हजवळ भरल्याची तारीख लिहून ठेवा. ट्यूबलेसवाल्यांनी तर नक्कीच. माझी पद्धत अशी : चाक काढून कानाशी धरून हलवतो. आत खळखळ ऐकू आली तर द्रव आहे. आवाज नसेल तर पिन काढून प्लास्टिकची बारीक पट्टी आत घालून बघतो, टोक ओलं आलं पाहिजे. कोरडं आलं तर वरून आणखी भरतो. दोन-तीनदा भरून झालं की टायर उतरवून जुन्या गाठी सोलून काढतो, नाहीतर रबराचे गोळे आत घरंगळत राहतात आणि चाक एका बाजूने जड होतं. अमोनिया असलेलं सीलंट असेल तर तेव्हाच रिमही बघून घेतो. अ‍ॅल्युमिनियमचा रंग जिथे खरचटला असेल तिथे पांढरी पूड दिसते, धातू खाल्ला जातोय याची ती खूण.

मोकळी_हवा

रानवाट, आजोबांच्या खुर्चीचं काय झालं?

रानवाट

ताई, दोन्ही टायर अगदी मऊ होते. ब्रेक लावून मी खुर्ची ढकलून बघितली तर ती सहज सरकली. आजोबा म्हणाले, ब्रेक जुना झालाय, बदलायला सांगितलाय. हवा भरून पुन्हा ब्रेक लावला, खुर्ची हलली नाही. त्यांच्याकडे आता मापक ठेवलं आहे आणि दर रविवारी मी जाते.

रानवाट (पाच महिन्यांनंतर)

धागा वर काढते, कारण इथे सांगितल्याशिवाय राहवलं नाही. सीलंट भरल्यापासून सायकल एकदाही रस्त्यात बसली नाही. सराट्यांचे दिवस संपले तरी एकदा टायर उघडायचं ठरवलं होतं, पॅचवाले दादांनी लिहिलेलं डोक्यात होतं. काल उघडलं. मागच्या टायरमध्ये नऊ काट्यांची टोकं आतल्या अंगाला आलेली आणि ट्यूबवर तेवढेच हिरवे ठिपके. त्याशिवाय ट्रेडमध्ये एक काचेचा तुकडा, तिरका घुसलेला, नखाएवढा. तो ट्यूबपर्यंत पोचलाच नव्हता, पण कापडी थर मात्र अर्धा कापला होता. हवा एकदाही कमी झाली नव्हती, म्हणजे बाहेरून काहीच कळलं नसतं.

पॅचवाले दादा, कापलेल्या जागेचा फोटो पाठवला आहे. कापडी थराचे धागे सुटे दिसत आहेत. हे टायर आतून तुकडा लावून चालवू की बदलू?

पॅचवाला

फोटो बघितला. बदला, ताई. आतले धागे कापले गेले की त्या जागी टायर फुगून वर येतं आणि मग तिथूनच फुटतं, सीलंट कितीही चांगलं असलं तरी. नवं येईपर्यंत आतून जाड कापडाची पट्टी ठेवा, हवा थोडी कमी ठेवा आणि कच्च्या वाटेने जाऊ नका. ट्यूब तुमची चांगली आहे, ती नव्या टायरमध्ये तशीच घाला. फक्त पट्टी ठेवण्याआधी जुन्या टायरमधले ते नऊ काटे मोजून काढा.